ज्ञानदासाठी पानओवा

१२ नोव्हेंबर २००६, रविवार
आजपासून बागकाम. बाग म्हणजे सध्या घोटावड्यातल्या भाड्याच्या खोलीपुढची हातभर जागा. परवा ऑफिसच्या कॅबमध्ये ज्ञानदा म्हणाली, तिला मऊ पानांची झाडं आवडतात. म्हणाली सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होती. माझ्यामागे खिडकी होती आणि बाहेर नर्सरी. तरीही.
घरमालकीण सगुणाबाईंकडून पानओव्याची फांदी घेतली. पानं अगदी मखमल. त्या म्हणाल्या, "खोच आन् इसरून जा. त्याला काय करावं लागत न्हाई."
असंच झाड हवं होतं. फेब्रुवारीत तिचा वाढदिवस. तोवर झुडूप तयार.

१९ नोव्हेंबर
विसरलेलो नाही. रोज तीनदा पाणी. नात्यात सातत्य महत्त्वाचं.

२८ नोव्हेंबर
फांदी कुजली. बोअरच्या पाण्यात दोष. सगुणाबाईंच्या मते पानी लई झालं. वाद घातला नाही, दुसरी फांदी मागितली, त्यांच्याच कुंडीसकट.

१० डिसेंबर
आता कडक शिस्त. पाणी बंद.
ज्ञानदाने माझं पेन घेतलं, परत केलं नाही. अर्थ उघड आहे. कॅबमध्ये मनीष रोज तिच्याशेजारी बसतो, पण त्याला मागच्या सीटवर मळमळतं म्हणे.

१४ जानेवारी २००७
ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजमुळे महिनाभर कुंडीकडे बघितलंच नाही. आज बघतो तर कुंडी गायब. सगुणाबाईंनी ती उचलून भांडी घासायच्या दगडापाशी नेली होती. झाड चौपट झालंय. पाया मी घातला होता.

९ फेब्रुवारी, सकाळ
कुंडी मांडीवर घेऊन हिंजवडीपर्यंत. ट्रॅफिक. पँटला माती. उतरताना ज्ञानदाला वाढदिवसाचं म्हणून दिली. बाकी जे बोलायचं होतं ते पाठ होतं, पण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तिने पानांवरून हात फिरवला. "किती मऊ आहेत रे! मनीष, हात लावून बघ ना." सगळ्यांना सामावून घेणारा स्वभाव आहे.
सोमवारी सविस्तर बोलेन.

१२ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत ज्ञानदा स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. डबा उघडला. पानओव्याची भजी. काल तिचा आणि मनीषचा साखरपुडा झाला. घरगुतीच होता, म्हणून ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. पाहुणे अचानक वाढले आणि झाड एवढं भरगच्च, त्यामुळे मनीषच्या आईंनी सगळी पानं खुडली. सगळ्यांना फार आवडली म्हणे.
मी सहा खाल्ली. कुरकुरीत होती.
आता नुसत्या काड्या उरल्यात, कुंडी परत हवी का, असं तिने विचारलं.
हवी म्हणालो. कुंडी सगुणाबाईंची आहे.