अर्धा तास आधीची सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी नाटकात अभिनय व कलाकार संघाचं प्रतिनिधिपद, सध्या आरामखुर्ची, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी करत करत त्यांना विचारलं, की तुमच्या नर्सबाईंना जेवणाची सुट्टी किती मिळते. "ठणठणीत आहात," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. जबरदस्ती करू पाहणाऱ्या निर्मात्यांपैकी दोघे वारले, तिसरा मला अजून वाकून नमस्कार करतो.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं.

कलम १. या कागदाची अंमलबजावणी माझ्या भाचीने करावी. ती शाळेत गणित शिकवते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. अडलं तर वकीलसाहेबांना विचारावं. न अडलं तर उगाच विचारू नये, ते फार बोलतात.

कलम २. बँकेतली शिल्लक कलाकार संघाच्या आजारपण निधीला द्यावी. संघाच्या कचेरीत माझा फोटो लावू नये. लावलाच तर संपाच्या वेळचा लावावा, त्यात मी बरी दिसते.

कलम ३. आमचे हे नाट्यगृहात सुतार होते. त्यांची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाशा आणि लाल मुठीची करवत, सध्या तिथे काम करणाऱ्या सुतारीणबाईंना द्यावीत. यांच्याशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणच होतं. नेपथ्यातल्या जिन्याला कठडा नव्हता आणि करारात तर कठडा हवा असं स्पष्ट लिहिलेलं. हे म्हणाले, "दिग्दर्शकांना नको आहे, वाईट दिसतो." मी म्हटलं, "जिन्यावरून पडलेली नटी त्याहून वाईट दिसते." दुसऱ्या दिवशी कठडा लागला होता, तोही बरोबर माझ्या हाताच्या उंचीला. पुढे तेवीस वर्षं आमचा संसार झाला आणि तो फार सुखाचा झाला. हे लिहायला कायद्याची हरकत नसावी.

कलम ४. माझं गजराचं घड्याळ वर उल्लेखिलेल्या दिग्दर्शकांना द्यावं. दीड तास तालीम झाली की दहा मिनिटं विश्रांती, असा आमचा नियम. मी हे घड्याळ टेबलावर ठेवून बसायची. ते चिडायचे, "बाई, कला घड्याळाकडे बघत नसते!" मी म्हणायची, "कला नसेल बघत, कलेचे गुडघे बघतात." गेल्या वर्षी त्यांच्याच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भेटायला गेले तर कुरकुरत होते, की तासातासाला दहा मिनिटं चालायला सांगितलंय आणि नेमकं लक्षात राहत नाही. घड्याळाला रोज चावी द्यावी लागते. याला सूड म्हणायचं की माया, ते त्यांनी ठरवावं.

कलम ५. दिव्यांचा मोठा आरसा धाकट्या बहिणीला. ती नायिका होती, मी कायम नायिकेची आई, मावशी नाहीतर शेजारीण. वयाने मी फक्त पाच वर्षांनी मोठी, पण रंगमंचावर तिला तीन वेळा जन्म दिला. आरसा तिचाच आहे, मी नुसता सांभाळला.

कलम ६. राहत्या घराची पुढची खोली, वेगळ्या दारासह, मी सावलीला ठेवली होती. हे कलम खोडलं आहे, पण वाचता येईल असं खोडलं आहे, आणि त्याचं कारण इथे लिहिणं भाग आहे.

सावली म्हणजे माझ्या बहिणीची बदली. नायिका आली नाही तर उभं राहायचं, म्हणून प्रत्येक प्रयोगाला तयार असणारी. आमचा नियम असा, की पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी प्रत्येकाने फळ्यावरच्या हजेरीपत्रकावर स्वतःच्या हाताने सही करायची. सही नसेल तर बदली उभी राहील, आणि तिसऱ्यांदा सही चुकली तर करार संपेल. एकाची सही दुसऱ्याने करू नये, हे वाक्य माझं. त्यासाठी मी निर्मात्याशी चार बैठका भांडले. कंपनीत मला 'कलमताई' म्हणत, ते काही उगाच नाही.

चौतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बहिणीचा पत्ता नव्हता. सावली कंपनीत येण्याआधीच्या नाटकात तिच्या दोन सह्या चुकल्या होत्या, आणि करार तोच चालू होता. सावली केस बांधून, नायिकेचा पोशाख हातावर घेऊन मेकअपच्या खोलीत बसली होती. तिची आई त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या रांगेत आली होती. वेळ भरायला दोन मिनिटं होती. मी फळ्यापाशी गेले आणि बहिणीची सही केली. लेखणी तिथेच दोरीला लटकत होती.

बहीण पडद्याआधी सात मिनिटं धापा टाकत आली. सावलीने पोशाख तिच्या हातात दिला. तिच्या मागची बटणंसुद्धा लावून दिली.

त्या नाटकाचे एकशेबारा प्रयोग झाले. सावली एकदाही उभी राहिली नाही. पुढे तिने विंगेतून संवाद सांगायचं काम धरलं, मग मुलांना उच्चार शिकवले. दर गुरुवारी ती माझ्याकडे पत्ते खेळायला येते. त्या सहीचं मी तिला कधी सांगितलं नाही. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी चौतीस वर्षं मनात वागवली. मला स्वतःची लाज वाटायची, आजही वाटते.

मेल्यावर तिला कागदातून कळावं हा पळपुटेपणा झाला असता. म्हणून मसुदा तयार झाल्यावर मी तो तिलाच वाचून दाखवला. बहीण शेजारी बसून म्हणत होती, "ताई, कशाला उकरून काढतेस?" सावली ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझं नशीबच फुटकं. म्हणजे नशीब नव्हतंच. तू होतीस." आणि चप्पल घालून निघून गेली.

तीन गुरुवार ती आली नाही. मी दोन्हीकडचे पत्ते वाटून एकटीच बसायची.

चौथ्या गुरुवारी, बहीण माझ्याजवळ बसलेली असताना, सावली आली. आल्या आल्या म्हणाली, "नशिबाशी भांडता येत नाही, तुझ्याशी येतं. बरं वाटलं." मग तासभर मनसोक्त भांडली. माझा उभा जन्म भांडण्यात गेला, पण इतकं खरं मी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी तिने विचारलं, "साक्षीदार कोण आहे?" मी सांगितलं, की वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीची सही करू नये.

"मग माझा वाटा खोड," ती म्हणाली. "माझी सही रोज असायची त्या फळ्यावर, हिच्या सहीच्या खाली. तू हिची केलीस, माझी वाया गेली. आता एक तरी कामी येऊ दे."

बहीण रडली. तिला रडायला कधी तालीम लागली नाही, पण हे रडणं खरं होतं.

कलम ७. त्यामुळे सावलीच्याच सांगण्यावरून पुढची खोली कलाकार संघाला द्यावी. बाहेरगावाहून आलेल्या बदली कलाकारांनी तिथे फुकट राहावं. खिडकीला जाड पडदा असावा, गरम पाणी असावं, आणि त्यांना कोणी 'तुमचं काम काय?' असं विचारू नये. उरलेलं घर भाचीचं.

मी तृप्त आहे. मागे काही राहिलं नाही. घड्याळाला चावी देण्याचं तेवढं विसरू नये.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार, नाट्यगृहाच्या सुट्टीचा दिवस. वेळ ठरली होती सकाळी अकराची.

लिहून ठेवणार: (सही) कलमताई.

साक्षीदार पहिला: (सही) खालच्या मजल्यावरचे औषधवाले. बाईंनी माझ्यासमोर सही केली. दुकान उघडं टाकून आलो आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) सावली. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी साडेदहाच्या आत हजर होते. सही माझी आहे आणि माझ्याच हाताने केली आहे.