दोघांचा बांध

१२ ऑगस्ट १९६२

प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुन्हा परत! सरांचा शेरा — ‘शेजारी राष्ट्रांचे करार तुलनेला घेता, आणि उदाहरणं सगळी युरोपातली? डोळ्यांसमोरचं काही दिसत नाही का?’ दिवसभर धुमसत होतो. मग उलव्याचं आमचं मिठागर आठवलं. आमच्या आणि बुधाजीकाकांच्या मधला बांध दोघांचा. पावसाळा सरला की दोन्ही घरं एकाच दिवशी उतरतात, आपापल्या बाजूने चिखल तुडवून तो नीट करतात. बाबा नि काका तीन वर्षं बोलत नव्हते, तरी बांध चुकला नाही! ज्यांची हद्द एक, त्यांना भांडण परवडत नाही — लिहून टाकलं. भारत-चीन कराराला चपखल बसतं.

२ सप्टेंबर

सर खूश. ‘हाच प्रबंधाचा कणा,’ म्हणाले. पनवेलच्या स्टँडवर उतरून पेढे घेतले. आई म्हणाली, ‘कसलं रं?’ म्हटलं, चीन आपल्यावर येत नाही, त्याचे. साऱ्या आळीला सांगून आली!

१६ सप्टेंबर

धाकट्या तुळशीरामचं पत्र, फौजेतून, नेफातल्या चीनच्या सरहद्दीवरून. ‘दादा, हिकडं लक्षान बरं नाय. माजी दसऱ्याची रजा मंजूर हाय. येऊ, का दिवाळीवाल्याशी पाळी बदलू? तू शिकलेला, तू सांग.’

मुद्देसूद दोन पानं उत्तर लिहिलं. लढाई होत नाही. दिवाळीला ये, बांधाला हात लागेल. खरं लिहायचं तर — धाकटा आला की घरभर माणसं, आणि प्रबंध टाइपाला देण्याआधी मला पंधरा दिवस शांतता हवी होती.

आईही बुधाजीकाकांच्या सुनेकडून, शकूकडून, त्याला काहीतरी लिहवून घेत होती. माझ्याकडून नाही! विचारलं तर नुसती हसली.

२० ऑक्टोबर

झाली लढाई. हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलं. चहा तसाच राहिला.

२८ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. त्याच्या वाटणीच्या करंज्या आईने डब्यात भरून ठेवल्या. आळीतली बायामाणसं येतात, बसतात. ‘तुमचा कमळाकर तं म्हनत व्हता—’ एवढंच कोणी बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

२४ नोव्हेंबर

तार. इंग्रजीत. बेपत्ता.

आईला म्हटलं, सापडत नाहीये. ‘मंग सापडंल,’ म्हणाली, आणि चुलीपुढून उठलीच नाही. ताटात भात वाढून घेतला, तसाच ठेवला.

२ डिसेंबर

बांधाचा दिवस, यंदा लांबलेला. किती वर्षांनी चिखलात उतरलो! बुटांना सोकावलेले पाय, तासाभरात सोलून निघाले. आमच्या बाजूला मी एकटाच. बुधाजीकाका बराच वेळ बघत होते. मग घरच्या सगळ्यांना घेऊन आमच्या बाजूला आले. ‘सरक बाजूला, मास्तर,’ एवढंच बोलले. मला रडू आवरेना, म्हणून पाठ करून उभा राहिलो.

घरी सरांचं कार्ड. ‘तिसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष उलटा करा. युद्धामुळे विषयाला महत्त्व आलं आहे.’ महत्त्व!

आई आज पेजेवर. तीही अर्धीच.

९ डिसेंबर

तुळशीचं पत्र आलं!! तारीख बघितली — १० ऑक्टोबर. लढाईच्या आधीचं. कुठे अडकून पडलं होतं कोण जाणे.

आई पदराला हात पुसत समोर बसली. ‘वाच.’

त्यात होतं — ‘दादा, तुजं आलं, आयचं बी आलं शकूवैनीच्या हातचं. आय म्हनते, दादा सांगंल तसंच कर. म्हनून पाळी बदलली. दिवाळीला येतो.’

मी मोठ्याने वाचलं. पहिली दोन वाक्यं गाळली.

आई हळूच म्हणाली, ‘माज्या कागदाचं कायच नाय लिवलं?’

‘नाय, आये. तुजा कागद पोचलाच नाय. त्यानं फकस्त माजं आयकलं.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि तार आल्यापासून पहिल्यांदा ताटातला भात संपवला.