लाइनवर बसलेले बाबा

१४ सप्टेंबर १९८२

हरलो! इंदूरला ज्या पोराला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवलं, त्याच्याचकडून रायपूरला हरलो. तेच रॅकेट, तोच मी. फोरहँड एकदा तर थेट कनातीपलीकडे. लोक हसले.

इंदूरला बाबांना रजा मिळाली नव्हती, रायपूरला मुद्दाम काढून आले होते. परतीच्या गाडीत गोंदिया आलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, पकड चुकते आहे. झालं! म्हणजे कॅप्टनसाहेबांना नारळ.

१६ सप्टेंबर

दिला. कॅप्टनसाहेब निवृत्त फौजी, गेलं वर्षभर मला शिकवत होते. हातोडा धरतात तसं रॅकेट धरायला लावायचे. रागावले नाहीत. बाबांना एवढंच म्हणाले की, देवराव, रोप रोज उपटून मुळं पाहिली तर ते जगणार कसं? बाबांनी नमस्कार केला आणि सायकलला टांग मारली. मी मागे कॅरिअरवर. वीस वर्षांचा घोडा, टेनिस हाच पेशा म्हणून सांगतो, आणि बापाच्या सायकलवर मागे बसतो.

३ ऑक्टोबर, पुणे

शिबिर. इथल्या कोचनी पहिल्याच दिवशी विचारलं, एवढा आखूड फटका कुठे शिकलास? घरी, म्हटलं. मग सगळं सांगावं लागलं. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. स्वतः कधी धड खेळले नाहीत, साहेब लोकांचा खेळ बघून बघून शिकले. नागपूरला, प्रताप नगरात घरामागे मोकळी जागा होती, तिथे मुरूम टाकून, रोलर फिरवून त्यांनी कोर्ट केलं. वरून आई शेणाने सारवायची. त्यावर चेंडू उठत नाही, सरपटतो. मोठा फटका घ्यायला वेळ कुणाला?

कोच हसले नाहीत. पण उद्यापासून हात मागे नेऊन मोठा गोल घ्यायचा आहे.

११ ऑक्टोबर, पुणे

आता माझ्याकडे तीन फोरहँड. बाबांचा, कॅप्टनसाहेबांचा, पुण्याचा. चेंडू येतो आणि मी कपाटासमोर उभं राहून कुठला शर्ट घालू म्हणून विचार करतो! एक ना धड, भाराभर चिंध्या.

तरी गंमत अशी की सामने जिंकतोय. काल इथल्या पहिल्या नंबरच्या मुलाला हरवलं. कोच म्हणाले, बघ, गोलाची किमया. असेल बुवा.

२२ ऑक्टोबर

नागपूर. काल क्लबवर सराव सामना. बाबा कौतुकाने ऑफिसातून लवकर आले. कॉलेजच्या एका पोराकडून हरलो. त्याला बॅकहँड म्हणून नाही!

आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. हसू येत होतं, पण उठलो नाही. मोहऱ्या तडतडल्या तेव्हा बरंही वाटलं.

२३ ऑक्टोबर

रॅकेटला हात लावला नाही.

१ नोव्हेंबर

डिसेंबरची स्पर्धा आपल्याच गावात. पात्रता फेरी पार करून मुख्य ड्रॉमध्ये गेलो, तर पुढच्या सर्किटला, गावोगावच्या स्पर्धांना, निवड नक्की. नाही तर जानेवारीपासून बँकेत खेळाडूंच्या जागेवर. बोलणी झाली आहेत. बँक वाईट नाही. पण मला बँकेत जायचं नाही. नाहीच जायचं.

बाबांनी आता शोभाताईंना बोलावलंय. एके काळी विद्यापीठाकडून खेळायच्या, हल्ली मुलींच्या शाळेत पी.टी. घेतात. आल्या आणि म्हणाल्या, सध्या काही बदलायचं नाही, मी नुसती बघणार. बाबांना पटलं नाही. पाहणं हे काय शिकवणं झालं?

९ नोव्हेंबर

आज शोभाताईंनी सराव मध्येच थांबवला. बाबांना म्हणाल्या, जरा बाटलीत पाणी भरून आणता का? बाबा गेले. मी पुन्हा खेळायला लागलो. काय खेळलो! चेंडू बोलावल्यासारखा रॅकेटवर येत होता. बाबा परतले, आणि पुढचे फटके सगळे जाळ्यात.

बाबा घरी गेल्यावर शोभाताईंनी विचारलं, "फटका मारल्यावर तू कोणाकडे पाहून राहिला?"

चेंडूकडे, म्हटलं.

"नाही. बाबांकडे. मग चेंडूकडे. तोवर चेंडू येऊन गेलेला राहते."

मी भांडणारच होतो. मग आठवलं. घरच्या कोर्टवर चुन्याच्या रेघा टिकायच्याच नाहीत, शेणात मिसळून जायच्या. म्हणून बाबा कोपऱ्यावर पाट टाकून बसायचे. हात वर केला की चेंडू बाहेर, हात गुडघ्यावर असला की आत. सातव्या वर्षापासून मी चेंडू कुठे पडला ते बघितलेलंच नाही! बाबांचा हात बघितला. अजून बघतो. ते आता हात हलवतही नाहीत, तरी बघतो.

इंदूरला बाबा नव्हते. पुण्याला नव्हते. रायपूरला होते.

तीन उस्ताद झाले, पकड बदलली, गोल झाला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. चार दिवस प्रयत्न करतोय, बाबांकडे बघायचं नाही. बघायचं नाही म्हटलं की आणखीच बघतो. मान धरून ठेवली तरी डोळे जातात.

शोभाताई म्हणतात, सवय सुटेल, पण डिसेंबरपर्यंत नाही. डिसेंबरपुरता उपाय एकच. आणि तो बाबांना तूच सांगायचा, मी नाही. तुझे बाबा आहेत.

मी विचारलं, तुम्ही असाल ना तिथे? तर म्हणाल्या, "मी बी नाही. मंग तू माह्याकडे पाहशील."

२६ नोव्हेंबर

सांगितलं नाही. बाबांनी पूर्ण स्पर्धेची रजा टाकली आहे. कॅनव्हासच्या बुटांना पांढरा रंग लावून उन्हात ठेवलेत — स्वतःच्या.

२ डिसेंबर

सांगितलं.

जेवताना. आई पोळी वाढत होती. मनात सगळं नीट जुळवलं होतं: पाट, चुना, हात. तोंडातून एवढंच निघालं की बाबा, तुम्ही मॅचला येऊ नका.

आईचा हात थांबला. "काय बोलून राहिला तू? ज्या मानसानं तुले रॅकेट धराले शिकवलं, त्याले म्हणतं येऊ नको?"

बाबांनी तिला थांबवलं. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "माह्यामुळं हारतं का तू?"

आता तरी पुढचं सांगायचं. तुम्ही चुकला नाहीत, माझे डोळे चुकतात, असं काहीतरी. पण मी "हो" म्हणालो. नुसतं हो!

बाबांनी ताटातला भात संपवला. हात धुतले. मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले आणि आईला म्हणाले, उद्यापासून डबा कर, रजा रद्द करतो.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि हायसंही वाटलं, ते त्याहून वाईट.

३ डिसेंबर

पहिली फेरी जिंकलो. बाबा ऑफिसात. संध्याकाळी त्यांना आईकडून कळलं. रात्री बघितलं तर रॅकेटच्या मुठीवरची फाटकी पट्टी काढून त्यांनी नवी गुंडाळून ठेवली होती.

४ डिसेंबर

जिंकलो! सहा-चार, सहा-तीन. मुख्य ड्रॉमध्ये गेलो. सोमवारी पहिला सामना.

खेळताना दोनदा कोपऱ्याकडे बघितलं. तिथे कुणी एक गृहस्थ शेंगा खात बसले होते. मग बघितलं नाही.

घरी आलो तर बाबा फाटकातच उभे. सगळ्या गल्लीला कळलं होतं, त्यांनाही. पाठीवर हात ठेवला. आणि अगदी हळू विचारलं, "सोमवारी बी नको ना येऊ?"

मी म्हटलं, नको.