सुभेदारांना पलटणीचं मूळ सांगितलं, त्याची हकिगत

ती. मामांस,

कोशकचेरीतल्या तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला असेलच (त्यांच्यापुढे टिकण्याची त्याची काय बिशाद!). मी तब्येतीने ठणठणीत आहे, बाकी माझी पार शोभा झाली आहे.

आमच्या कचेरीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. शब्द ज्यांच्या धंद्यातला, त्यांना नोंद वाचून दाखवल्याशिवाय ती छापखान्यात जात नाही. ‘रंधा’ सुताराने ऐकला, ‘काज’ शिंप्याने. ‘पलटण’ माझ्या वाट्याला आली आणि मी टुणकन उडालो. कारण निवृत्त सुभेदार आमच्याच गल्लीत राहतात आणि त्यांच्या धाकट्या मुलीशी लग्न करायचं मी (आणि तिनेही) कधीचं ठरवलं आहे. फक्त सुभेदारांना सांगायचं राहिलं होतं. म्हटलं, नोंद ऐकून खूश झाले की लगेच विषय काढू.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सुभेदार खुर्चीतसुद्धा ‘सावधान’ बसतात. ‘सैनिकांची तुकडी’ हा अर्थ ऐकून त्यांनी मिशीवर हात फिरवला. तिथेच गप्प बसायचं, पण माझी जीभ! म्हटलं, शब्द इंग्रजीतून आलाय, इंग्रजीत फ्रेंचमधून, आणि जाणकारांच्या मते तिथे मुळात अर्थ छोटा गोळा, दोऱ्याचा वगैरे असतो तसा.

“म्हणजे मी जन्मभर दोऱ्याच्या गोळ्यात नोकरी केली?” सुभेदार कडाडले.

तेवढ्यात विणत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती खुदकन हसल्या आणि मांडीवरचा लोकरीचा गोळा घरंगळत सुभेदारांच्या पायाशी आला. मी तत्परतेने उचलून तो सुभेदारांच्याच हातात दिला. मामा, माणसाने इतकं मदतीला धावू नये. पुढच्या क्षणी मी अंगणात अनवाणी उभा आणि शेजारीपाजारी खिडक्यांत. वर तंबी, पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही. तिच्याशिवाय मला करमायचं नाही, हे मात्र थट्टेत लिहीत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
हद्दपार भाचा

ता. क. तुम्ही आणि सुभेदार एकाच पलटणीत होतात. येऊन माझ्यासाठी शब्द टाकाल का? (वरचं वाचून तुम्हालाही राग आला असेल, तर तो लग्नानंतर काढा.)

दुसरा ता. क. पाकीट चिकटवतोय तोच सुभेदार कचेरीत हजर! म्हणाले, “पोरगी माझ्याशी बोलत नाही. ते मूळ पुस्तकातून काढ आणि ये मागणी घालायला.” मी छातीठोकपणे म्हणालो, “काढलंच समजा!” ते गेल्यावर मुख्य संपादकांनी सांगितलं की ते पान कालच छापून झालंय. तेव्हा मामा, मिळेल त्या पहिल्या गाडीने निघा. कोश दुकानात यायच्या आत लग्न उरकलं पाहिजे.