शिडीची पाचवी पायरी

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही अशा बेताने कपाटात स्वेटरखाली ठेवायची. मोकळेपणाने लिहिता आलं पाहिजे.

ऑफिसात नवा सर्व्हे आलाय. विषय भारदस्त आहे: उत्पन्नातली दरी आणि आटत चाललेला मध्यमवर्ग, याबद्दल लोकांना काय वाटतं. लोकांना काय वाटतं हे विचारून विकणं हाच आमच्या कंपनीचा धंदा. मला काय वाटतं ते अजून कोणी विचारलेलं नाही.

मी सुपरवायझर. माझं टेबल साहेबांची काचेची केबिन आणि सर्व्हेवाल्या मुलींचा बाक यांच्या बरोबर मधे. मुली दारोदार फिरून फॉर्म भरतात, मी तपासतो, साहेब सही करतात. काल साहेब म्हणाले, हा रिपोर्ट जमला तर रिसर्च हेड नेमायचा विचार आहे. असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. निदान माझ्या दिशेने. शेजारची केबिन रिकामीच आहे, तिथे सध्या तुटके पंखे ठेवलेत.

संकल्प: केबिन.

३ मार्च, संध्याकाळ
घरमालक येऊन गेला. जूनपासून भाडं वाढणार. ही म्हणाली, एका खोलीचं घर बघून ठेवू या का. मी म्हटलं, कशाला, मी रिसर्च हेड होतोय. ही म्हणाली, पत्र हातात आलं का. बायकांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो.

५ मार्च
शिडीचं कार्ड आलं. कार्डावर दहा पायऱ्यांची शिडी छापली आहे. सगळ्यात वर श्रीमंत, सगळ्यात खाली गरीब. माणसासमोर धरायचं आणि विचारायचं, तुम्ही कितव्या पायरीवर? बस्स.

घरी सराव केला. ही इस्त्री करत होती. तिने कार्ड नीट बघितलं आणि म्हणाली, मी यात नाहीच, मी खाली उभी आहे, तुम्ही पडू नये म्हणून शिडी धरून. असं उत्तर नसतं, हे मी समजावून सांगितलं. तिने माझ्या शर्टाची दुसरी बाही इस्त्रीला घेतली.

तिचं उत्तर बाद. माझं स्वतःचं: सातवी. केबिन धरून आठवी.

९ मार्च
फॉर्म येऊ लागले. कपाळाला हात लावायची वेळ. सगळे पाचवीवर! गच्चीवर पोहण्याचा तलाव असलेले गृहस्थ पाचवीवर. त्यांचा ड्रायव्हर पाचवीवर. तलाव धुणारा माणूस, तोही पाचवीवर. एका दातांच्या डॉक्टरने सांगितलं, पाचवी लिहा, वरून मोजा नाहीतर खालून, मला दोन्ही चालेल.

लोकांना आपली पायरी कळत नाही, हे या समाजाचं खरं दुखणं आहे.

१० मार्च
मेहुणा जेवायला. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना, तीन गाड्या. कार्ड धरलं. तो म्हणाला, आपण मध्यमवर्गीय, दाजी, हल्ली कुठे काय परवडतं, तिसरी गाडी विकायला काढली आहे. असं म्हणून पाचवीवर बोट ठेवलं. मग मला विचारलं. मी सातवी म्हटल्यावर त्याला ठसका लागला. ही त्याची पाठ चोळत राहिली, बराच वेळ, खाली मान घालून. दोघं भावंडं हसत असावीत असा मला संशय आहे. मी लक्ष दिलं नाही.

१४ मार्च
सुचलं.

लोक खोटं बोलत नाहीत, ते लाजतात. श्रीमंताला पैशाची लाज वाटते, गरिबाला गरिबीची. म्हणून दोघंही मधे येऊन उभे राहतात. मग सुपरवायझर कशाला असतो? दुरुस्तीला. नियम केला: स्वतःचं घर आणि एकाहून जास्त गाड्या असतील तर उचलून आठवीवर. भाड्याचं घर आणि हप्त्यावरच्या वस्तू असतील तर ओढून तिसरीवर. बाकीचे जागच्या जागी.

संध्याकाळपर्यंत सगळे फॉर्म दुरुस्त. बाकीचे कोणी निघालेच नाहीत. पाचवी पायरी स्वच्छ.

मुलींतली एक आगाऊ आहे. तिने विचारलं, सर, तुमचं घर भाड्याचंच ना, आणि परवा फ्रिजच्या हप्त्याचा फोन आला होता, मग तुम्ही? मी सांगितलं, नियम करणाऱ्याला नियमात धरत नाहीत. ती फॉर्म उचलून बाकावर जाऊन बसली. पटलं असणार.

२० मार्च
रिपोर्ट गेला. शीर्षक माझं: मध्यमवर्ग उरलेला नाही. साहेबांनी टेबलावर थाप मारली. आज पेपरात पहिल्या पानावर! माझं नाव नाही, पण पायऱ्या माझ्या.

मेहुण्याचा फोन. म्हणाला, मध्यमवर्ग नाही तर मग मी कोण? मी म्हटलं, तू वरचा. त्याला आनंद झाला नाही. आपण कष्टातून वर आलो असं तो मुलांना सांगत असतो, आता काय सांगू म्हणाला. ही म्हणते, त्याला झोप लागली नाही. लोकांना सत्य पचत नाही.

ही एक खोलीचं घर बघून आली. मला न विचारता. मी बघायला जाणार नाही.

२३ मार्च
रिकाम्या केबिनीचं माप घेतलं. पडदा निळा. हप्त्यावर मिळतो.

२८ मार्च
साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मी नवा शर्ट घातला होता.

साहेब म्हणाले, या रिपोर्टने माझे डोळे उघडले. मधला थर कुठेच टिकत नाही, मग आपल्या ऑफिसात तरी कशाला? वर मी, खाली फॉर्म भरणारे, आणि तपासणी ॲप करेल. सुपरवायझरची जागा बंद.

मला काढलेलं नाही. साहेब दिलदार माणूस. मी मुलींसारखाच फॉर्म भरायचा, जितके फॉर्म तितके पैसे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण हात आधीच वर घेतले होते.

दुपारी माझं टेबल उचलून रिकाम्या केबिनीत पंख्यांशेजारी ठेवलं. म्हणजे केबिन मिळाली. टेबलाला.

२९ मार्च
हिला योग्य वेळी सांगू. हा काळ तात्पुरता आहे. लोकांत मिसळल्याशिवाय मोठं संशोधन होत नाही. आज दारोदार फिरलो. तलाववाल्या गृहस्थांनी दार उघडलं नाही. ड्रायव्हरने पाणी दिलं.

१ एप्रिल
हिने विचारलं, बुटाला एवढी धूळ कुठून? मी म्हटलं, संशोधन.

२ एप्रिल, संध्याकाळ
टॅब मिळाला. आत नवं ॲप. आगाऊ मुलीने शिकवलं. चांगलं शिकवते. आधी एक फॉर्म स्वतःचा भरून बघायचा असतो.

घर: भाड्याचं. फ्रिज: हप्त्यावर. पडदा: हप्त्यावर. मग शिडी आली. माझं बोट सातवीकडे गेलं होतं, खरंच गेलं होतं. पण मुलगी बघत होती. मी पाचवी दाबली. निदान पाचवी.

टॅबने क्षणभर विचार केला आणि तिसरी लिहिली. खाली बारीक अक्षरांत: नियमानुसार दुरुस्ती.

नियमात चूक नाही. मीच केला आहे. तरी वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिला माहीत होतं, टेबल हललं त्याच दिवशी आगाऊ मुलीने फोन केला होता. मी विचारलं, शिडी अजून धरली आहेस का. ती म्हणाली, धरली आहे, पण आता उतरा, माझे हात दुखायला लागलेत. उद्या नवं घर बघायला जायचंय.

हे उत्तर बाद करायला हवं. पण दुरुस्तीचा अधिकार आता माझ्याकडे नाही.