मधल्या दिवसाची सही

३ जुलै

चि. शंकासुरास, अनेक आ.

तू विचारण्याआधीच सांगते, आजचं इंजेक्शन झालं. मायलोमासारखा रक्ताचा कॅन्सर म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे अजून सलाइनची बाटली येते. तसं काही नाही. पोटाच्या कातडीखाली सुई, आणि ते अँटिबॉडीचं औषध सिस्टर पाचेक मिनिटं हळूहळू आत सोडते. मी सासूबाईंची नक्कल केली तर म्हणाली, मावशी, हसवू नका, हात हलतो.

त्याआधीच्या स्टिरॉइडच्या गोळीनं मात्र अंगात वारं भरलंय. घरी येऊन पडदे धुतले, दुकान उघडलं, तसबिरींच्या बारा फ्रेमांच्या पट्ट्या कापल्या. त्यातल्या चार आखूड. तुझ्या भावोजींनी करवतच लपवून ठेवली. शेजारच्या चष्मेवाल्यांनी पुन्हा जागेचा विषय काढला, तर मी त्यांना ठणकावलं की अजून दहा वर्षं मी हलत नाही. बिचारे उंबऱ्यावरूनच परतले.

माया आहेच, पत्रही येऊ दे.

तुझी ताई

६ जुलै

चि. शंकासुरास, आ.

दुकान द्यायचं ठरवलं. चष्मेवाल्यांना तसा निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात ते कागद घेऊन येतील.

आज काच उचलवत नाही, उठवतही नाही. फ्रेमा बनवून कुणाचं भलं झालंय? वाद घालू नकोस. भावोजी घालून दमले.

ताई

९ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं आज एकाच टपालानं आली. आधी धाकटं, सहा तारखेचं, उघडलं आणि तीनदा वाचलं. मग थोरलं वाचून हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली.

दुपारपासून दोन कागद फाडले. तुला थांब म्हणायचा मला काय अधिकार? आजार तुझा, दुकान तुझं. शिवाय तुझं दुकान चालू असलं की मी इथे निर्धास्त असतो; तेव्हा माझा सल्ला तुझ्या सोयीचा की माझ्या, हे मलाच नीट सांगता येत नाही. तरी एक दिसतं ते लिहितो. गोळीच्या दिवशी तू डोंगर उचलतेस आणि ती उतरली की दोनतीन दिवस जमिनीला खिळतेस. हे तूच मला पहिल्या इंजेक्शनांच्या वेळी सांगितलं होतंस. एक पत्र चढतीचं आहे, दुसरं उतरतीचं. मधल्या दिवशी तुला काय वाटतं, ते अजून कुणी विचारलेलंच नाही. तेवढं होईपर्यंत सही करू नकोस. गोळी कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचार. आपल्या मनानं मात्र कमी करू नकोस, तुझा नेम नाही.

आता रागावायचं ते एकदाच रागाव. चष्मेवाल्यांनाही मी पत्र टाकलं आहे. पंधरा दिवस थांबावं, एवढीच विनंती केली. पेटीत टाकल्यावर वाटलं, हात घालून परत काढावं. हात आत जात नाही.

भावोजींना नमस्कार. रागासकट लोभ असू द्यावा.

तुझा
शंकासूर

२३ जुलै

चि. शंकासुरास, अनेक आ.

परक्या माणसाला लिहिलेल्या एका पत्रात तीनदा माफी मागणारा तूच! चष्मेवाले ते पत्र घेऊनच दुकानात आले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो नेमका इंजेक्शनचा दिवस होता, म्हणून भावोजींनी तुला लिहायला मला पेनही दिलं नाही. तुझं नशीब.

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. तपासण्या चांगल्या आल्यात, त्यामुळे इंजेक्शन आता महिन्यातून एकदाच. सिस्टर म्हणाली, आता मला कोण हसवणार? माझ्या वाट्याला मधले दिवस आले आहेत, भरपूर.

आज तसाच दिवस आहे. सकाळी दुकान उघडून मोठी काच उचलून पाहिली. नाही झेपली. म्हणजे सहा तारखेची बाई खोटं बोलत नव्हती. मग एक लहान फ्रेम केली. चारही कोपरे असे बसले की सांध्यातून उजेडाची रेघही दिसेना. तीन तारखेचीही खरंच बोलत होती.

मग मीच शेजारी गेले आणि चष्मेवाल्यांना सरळ विचारलं की तुम्हाला माझी जागा कशाला हवी? ते ओशाळले. त्यांना डोळे तपासायला लांबट, अंधारी खोली हवी होती. माझी मागची, जिथे मोठ्या काचा ठेवते, तेवढीच. विचारायला आले. एकदा मी हाकललं, मग निरोप धाडून सगळं दुकानच त्यांच्या गळ्यात मारलं. खोलीचं बोलायला बिचाऱ्यांना मी जागाच ठेवली नाही.

तर मोठ्या काचा गेल्या, मागची खोली त्यांची, पुढचं दुकान माझं. भावोजींनी हे ऐकून सुटकेचा इतका मोठा सुस्कारा सोडला की मला वाईट वाटलं.

पुढच्या शुक्रवारी करार. तोही मधलाच दिवस, मोजून पाहिलाय. साक्षीदार म्हणून तुझं नाव सांगितलंय. तेव्हा दोन दिवस रजा काढ, आणि आपण येणं योग्य की अयोग्य यावर कागद न फाडता गाडीत बस.

रागापेक्षा माया जास्त आहे, हे जाणून असावे.

तुझी
ताई