आईची खोली

प्रिय सूनबाई,

हे पत्र घरी टेबलावर ठेवलं असतं तर तुझ्या आधी माझ्या लेकाच्या हाती लागलं असतं, म्हणून दवाखान्याच्या फाटकावरच्या बाईंकडे देतेय. घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त ड्यूटी संपल्यावर वाच. मध्येच उघडलंस तर तुझं लक्ष उडेल आणि तिथे कुणाचं तरी लेकरू तुझ्या हातात असेल.

गेले काही दिवस आपल्या घरात कसे गेलेत ते तुला वेगळं सांगायला नको. कपाटाचं दार जरा जोरात लागलं तरी तिघंही दचकतो. जेवताना बोलणं मीठ-पाण्यापुरतं. आणि हे सगळं दोन घरांपैकी कोणतं घ्यायचं यावरून. एक तुझ्या दवाखान्यामागच्या गल्लीतलं, चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघरात एक जण वळला की दुसऱ्याने बाहेर पडायचं. दुसरं शहराच्या टोकाला, वीटभट्ट्यांच्या पलीकडे, ऐसपैस, मागे अंगण, आणि वर एक स्वतंत्र खोली, जिला पहिल्या दिवसापासून ‘आईची खोली’ हे नाव पडलं. नाव मी ठेवलं नव्हतं. पण ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आयुष्यभर लोकांचे गणवेश शिवले, ते जेवणाच्या जागेत मशीन मांडून आणि ताटं वाढायची वेळ झाली की उचलून. मला खोलीचा मोह पडणारच.

त्या रविवारी आपण ते मोठं घर बघायला गेलो. तो टेप घेऊन भिंती मोजत होता. मशीन खिडकीशी ठेवू, उजेड चांगला येईल, असं मला हौसेने दाखवत होता. तू मात्र दलालाला बस कुठे थांबते ते विचारलंस. तो हसून म्हणाला, इथे सगळ्यांकडे गाड्या आहेत. तेवढ्यात तुला वॉर्डातून फोन आला. दोन बायका एकदमच अडल्या होत्या आणि तुझ्या जोडीची नर्स आजारी होती. याने हातातला टेपही खाली ठेवला नाही. “आज सुट्टी आहे ना तुझी? सांग की त्यांना,” एवढंच म्हणाला. तू चपला घातल्यास आणि त्या कच्च्या रस्त्याने चालायला लागलीस. मी वरून बघत होते. बऱ्याच वेळाने विटांचा एक ट्रक थांबला, तू ड्रायव्हरशेजारी चढून बसलीस आणि धुळीत दिसेनाशी झालीस. तू पोचलीस तोवर एक बाळंतपण उरकलं होतं. दुसरीचं काय झालं ते तू घरात अजून सांगितलेलं नाहीस. मीही विचारलं नाही. संध्याकाळी तुझा चेहरा पाहिला होता.

आता तुला जे माहीत नाही ते सांगते. तू गेल्यावर ते दोघं खाली स्वयंपाकघरात होते आणि मी जिन्यात. रिकाम्या घरात आवाज घुमतो. दलाल म्हणाला, “मॅडमना नोकरीला फार लांब पडेल, साहेब.” त्यावर माझा लेक म्हणाला, “नोकरी सोड म्हटलं तर ती ऐकायची नाही. इथे राहायला आलो की आपोआप सुटेल.” अगदी सहज म्हणाला, नळ गळतोय म्हणावं तसं. मी कठड्याला धरून उभी राहिले. मग खाली उतरले, तर पाणी किती वेळ येतं याची चौकशी चालली होती.

दोन दिवसांनी त्याने जेवताना विषय काढला. “आईला या वयात स्वतःची खोली नको का? तूच सांग तिला तोंडावर, नको म्हणून.” तू माझ्याकडे पाहिलंस. तुझा घास हातातच राहिला होता. “आईंना खोली हवीच,” असं म्हणून तू ताट उचललंस, मोरीत गेलीस आणि नळ पूर्ण सोडलास. पोरी, नळाच्या आवाजात सगळंच काही झाकलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी तू ड्यूटीला गेल्यावर मी त्याला गाठलं. जिन्यात काय ऐकलं ते सांगितलं. आधी नाकबूल झाला, मग चिडला, मग खाली बसला. म्हणाला, “आई, मी रोज एकटा जेवतो. ती येते ती दमून, भिंतीकडे तोंड करून झोपते. मला घरात माणूस हवंय, यात काय चुकलं?” त्याचे डोळे भरले होते, आणि तो माझाच मुलगा आहे, त्यामुळे मलाही गलबलून आलं. म्हटलं, काही चुकलं नाही, पण हे तिला सांग. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तिच्यावर नेम धरू नकोस. तर ताडकन उठला. “तू मध्ये पडू नकोस. शुक्रवारी सही करतोय.” दार आपटून कामावर निघून गेला.

मी मध्ये पडणार नाही. मी बाजूला होतेय. शाळेजवळच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करणारी माझी मैत्रीण आहे ना, तिने दुकानावरची खोली घेतली आहे आणि ती कधीची मागे लागली होती की दोघी मिळून राहू. आज सकाळी तुम्ही दोघं कामावर गेल्यावर आम्ही हातगाडीवरून माझं मशीन तिकडे नेलं. मग कपडे नेले. याला त्याग-बिग समजून रडत बसू नकोस. माझी गिऱ्हाइकं इथे आहेत, माझ्या ओळखीची माणसं इथे आहेत. त्या उजेडाच्या खोलीत बसून मी वीटभट्ट्यांच्या धुरापलीकडे काय बघणार होते? माझं जे हवं-नको होतं ते मी ठरवलं, एवढंच.

हे मी तुला तोंडी सांगू शकले असते, पण लिहून देतेय त्याला कारण आहे. उद्या शुक्रवार. आज घरी येशील तेव्हा माझा कोपरा रिकामा दिसेल आणि तो म्हणेल की तुझ्या नोकरीपायी माझ्या आईला घर सोडावं लागलं. नातेवाइकांनाही तेच सांगेल, आणि तू त्या वॉर्डात जशी सगळं गप्प सोसतेस तशी हेही सोसशील. ते व्हायला नको. हे पत्र त्याच्यापुढे ठेव. अक्षर माझं आहे, ते त्याला नाकारता येणार नाही. मग लहान घर घ्या, मोठं घ्या, नाहीतर आहात तिथेच राहा, मला कुठेही यायला आवडेल. पण त्या मोठ्या घरात आता वरची खोली रिकामी आहे, आणि ते घर त्याला कशासाठी हवंय हे आता त्याने तुझ्या डोळ्यांत बघून सांगायचं आहे.

तुझीच,
तू जिला ‘अहो आई’ म्हणतेस ती